दुचाकी शिकण्यापूर्वी आणि शिकताना

बारावीच्या परीक्षा संपल्या की आमच्या दवाखान्यात एका ठराविक प्रकारच्या रुग्णांची ये-जा वाढते. कोपर खरचटलेले, गुडघ्यात खडी रुतलेली, उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा रुपयाएवढा चटका, आणि सोबत आलेले वडील हसत सांगतात, "काही नाही डॉक्टरसाहेब, गाडी शिकतोय." दिवाळीत घरात नवी गाडी आली की पुन्हा हेच. बहुतेकांचे मलमपट्टीवर भागते, काहींना मनगटाचे प्लॅस्टर घालून घ्यावे लागते. मधूनच एखाद्याला मात्र दवाखान्याच्या पायरीवरूनच जिल्हा रुग्णालयाकडे रवाना करावे लागते.

गाडी शिकणे आणि लायसन्स काढणे हा आर.टी.ओ.चा विषय, तो आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्याच ५०,०२९ आहे. एखाद्या साथीच्या रोगाने वर्षाला एवढी माणसे नेली असती तर गावोगाव लसीकरणाची शिबिरे लागली असती. या 'रोगा'वर लस नाही. जी काही प्रतिबंधक उपाययोजना आहे ती नीट शिकणे आणि डोके झाकणे हीच होय.

कोणत्या वयात, कोणती गाडी?

या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज फार पक्का बसला आहे. "सोळा वर्षे पूर्ण झाली, आता बिनगिअरची स्कूटर चालते," असे शिकलेले पालकही ठामपणे सांगतात. हे बरोबर नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुचाकीसाठी वय अठरा पूर्ण लागते. सोळाव्या वर्षी सवलत आहे ती फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला, तीही पालकांच्या लेखी संमतीने. जुन्या काळच्या मोपेड त्या मापात बसत असत. आज कॉलेजच्या आवारात उभ्या असलेल्या स्कूटर साधारण ११० किंवा १२५ सी.सी.च्या असतात. गिअर नसला म्हणून ती ५० सी.सी.ची होत नाही.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरचेही असेच आहे. मोटारीची शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, एवढ्याच गाड्यांना नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. त्यापेक्षा जोरात पळणारी विजेची गाडी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण मोटार वाहन आहे. दुकानदार 'हिला लायसन्स लागत नाही' म्हणाला तर गाडीचा वेग आणि शक्ती कागदावर पाहून घ्यावी. गाडीला नंबर प्लेट असेल तर प्रश्नच मिटला, लायसन्स लागणारच.

अठराच्या आतील मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांनी २०१९ साली झालेली दुरुस्ती वाचून ठेवावी. मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ज्या मुलाला पुढे नोकरीधंद्यासाठी गाडी लागणार, त्याची सात-आठ वर्षे अशी जातात.

विम्याकडे तर कोणी पाहतच नाही. लायसन्स नसलेल्या मुलाने एखाद्या वाटसरूला धडक दिली, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मालक-चालकाच्या स्वतःच्या अपघात विम्यालाही वैध लायसन्सची अट असते. हप्ता भरला म्हणजे सुटलो असे नाही. एका अपघातापायी शेत गहाण पडलेली कुटुंबे आपल्या तालुक्यात शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

लायसन्सच्या दोन पायऱ्या

दुचाकीच्या लायसन्सचे मुख्य प्रकार दोन, बिनगिअरची आणि गिअरची. जिला फक्त स्कूटरच चालवायची आहे तिने बिनगिअरचे काढावे. मात्र त्या लायसन्सवर घरातली मोटारसायकल 'एवढ्या जवळच' म्हणून बाहेर काढता येत नाही. पुढे मोटारसायकल लागण्याची शक्यता असेल तर आधीच गिअरची गाडी शिकून त्याची परीक्षा देणे शहाणपणाचे. पायाने अधू असलेल्यांना जोडचाके लावलेल्या, त्यांच्यासाठी जुळवून घेतलेल्या गाडीचे वेगळे लायसन्स मिळते. पोलिओ झालेल्या कित्येकांना हे माहीतच नसते.

आधी शिकाऊ परवाना, म्हणजे लोकांच्या भाषेत 'लर्निंग'. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे आणि नियम यांवर परीक्षा असते व किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. आधार कार्ड असलेल्यांना महाराष्ट्रात २०२१ पासून ही परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते. सोय उत्तम आहे, पण मुलाच्या जागी दुकानातला पोऱ्याच उत्तरे टिचकावतो असेही ऐकू येते. हा पैसे वाचवण्याचा नव्हे, मूल गमावण्याचा मार्ग आहे असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. 'रस्ता द्या' आणि 'प्रवेश बंद' यांतला फरक त्या पोऱ्याला ठाऊक असून उपयोग काय?

लर्निंग सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. या मुदतीत गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' अक्षर हवे. पाटी अठरा सेंटिमीटर चौरस. खडूने काढलेला किंवा बोटाएवढ्या कागदाचा 'एल' हा 'एल' नव्हे. मागे बसवायचा तो फक्त शिकवणारा, आणि त्याच्याजवळ त्या गाडीचे वैध लायसन्स पाहिजे. मित्राला मागे घेऊन लर्निंगवर सिनेमाला जाणे नियमात बसत नाही. चाचणी आर.टी.ओ. कार्यालयात होते, तालुक्याच्या गावी कार्यालयाचे शिबिर भरते तिथेही देता येते. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते, तीनदा नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावे लागते. यात लाजण्यासारखे काही नाही. चाचणीत पाय टेकला म्हणून परत पाठवलेला मुलगा आठवडाभर सराव करून आला, तर त्याच्या आईने त्या अधिकाऱ्याचे आभारच मानावेत.

चाचणी पार पडली की वीस-बावीस वर्षांच्या मुलाचे लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. तिशी ते पन्नाशीत काढले तर दहा वर्षे. इथे मला आपल्या पद्धतीतली एक उणीव जाणवते. गिअरचे लायसन्स एकदा हाती आले की शंभर सी.सी.ची गाडी आणि साडेसहाशे सी.सी.ची गाडी कायद्याला सारखीच. ब्रिटनमध्ये १९९० पासून नवशिक्याला रस्त्यावर येण्याआधी सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि मोठ्या इंजिनाची गाडी वयाप्रमाणे टप्प्याटप्प्याने मिळते. आपल्याकडे तो टप्पा घरच्यांनीच ठरवायला हवा. पहिली दोन वर्षे साधी, हलकी गाडी. मुलगा रुसला तर रुसू द्यावा.

अर्जातले प्रश्न

लायसन्सच्या अर्जासोबत स्वतःच्या प्रकृतीचे एक घोषणापत्र द्यावे लागते. एजंट ते भरतो आणि मुलगा न वाचता सही करतो, ही सार्वत्रिक रीत. त्यात विचारलेले प्रश्न साधे पण नेमके आहेत. फेफरे, भोवळ किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा विकार आहे का? स्वच्छ उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का, चष्मा असल्यास चष्म्यासह? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? हॉर्न ऐकू न येण्याइतका बहिरेपणा आहे का? हातापायात दोष आहे का?

चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्रही लागते. ते घेण्यासाठी आलेले गृहस्थ बऱ्याचदा घाईत असतात, "फक्त सही करा" म्हणतात. मी आधी त्यांना खिडकीशी उभे करून समोरच्या गल्लीत लावलेल्या गाडीचा नंबर वाचायला लावतो. एका डोळ्यावर हात ठेवताच दुसऱ्या डोळ्याने काहीच दिसत नाही, हे त्यांना स्वतःला तेव्हा प्रथमच कळते असे कितीदा तरी घडले आहे. मोतीबिंदू दबक्या पावलांनी येतो आणि चांगला डोळा त्याचे काम झाकून नेतो.

फेफऱ्याच्या बाबतीत मात्र मला कठोर बोलावे लागते. झटके येणाऱ्या माणसाने दुचाकी चालवू नये, आणि अर्जात ते लपवू नये. "दोन वर्षांत एकही झटका नाही" हे ऐकून आनंद होतो, पण तो गोळ्यांचा गुण असतो. एका दिवसाची चुकलेली गोळी, एक रात्रीचे जागरण, आणि पुढे ट्रक. घरातल्या माणसांनी याबाबत मुलाच्या बाजूने नव्हे, डॉक्टरांच्या बाजूने उभे राहावे. याउलट, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून निराश झालेल्या तरुणांना एक चांगली बातमी आहे. २०२० साली नियम बदलले असून सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या रंगांधळेपणात आता लायसन्स मिळू शकते. तीव्र प्रकारात नाही.

हात, डोळा आणि भीती

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे येऊ. चारचाकीसाठी गल्लोगल्ली ड्रायव्हिंग स्कूल दिसतात, दुचाकी शिकवणारे मात्र फारच थोडे. मुलींना व महिलांना स्कूटर शिकवणाऱ्या काही भगिनी मोठ्या गावांतून हा व्यवसाय करतात. जवळ कोणी असतील तर जरूर जावे. एरवी आपला गुरू म्हणजे मोठा भाऊ, काका किंवा नवरा. नवऱ्याकडून शिकू नये असे माझे वैयक्तिक मत आहे. गाडीपेक्षा भांडणच अधिक शिकून होते.

नवशिक्यांच्या पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याचशा अपघातांचे मूळ एका शारीरिक प्रतिक्रियेत असते, आणि ते कोणी सांगत नाही. माणूस दचकला की मुठी आवळतो. तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांचे हे होते. दुचाकीवर उजव्या मुठीत अॅक्सिलरेटर असतो. गाडीने एकदम झेप घेतली की शरीर मागे जाते, मनगट खाली झुकते आणि मूठ आवळली जाते. परिणामी अॅक्सिलरेटर आणखी पिळला जातो, गाडी आणखी झेपावते, माणूस आणखी घाबरतो. समोर कंपाउंडची भिंत असेल तर हा प्रकार तिथे संपतो. "ब्रेकऐवजी रेस कशी दिली?" म्हणून पोरीला रागावण्यात अर्थ नाही. तिने दिली नाही, तिच्या मुठीने दिली.

यावर उपाय सरावाचा आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, अॅक्सिलरेटर पिळणे आणि सोडून देणे शंभर वेळा करावे. कोपर किंचित वाकलेले, मनगट सरळ किंवा थोडे वर, खाली लोंबते नको. शिकण्याच्या काळात उजव्या हाताची दोन बोटे ब्रेकच्या दांड्यावर ठेवून बसण्याची सवय लावावी. दांडा ओढताना मूठ सैल होते, दोन्ही गोष्टी एकदम साधतात.

दुसरी गोष्ट नजरेची. नवशिका पुढच्या चाकाकडे बघतो. गाडी नजर जाते तिकडे जाते, म्हणून खड्ड्याकडे टक लावून पाहणारा हमखास खड्ड्यात जातो. वीस-पंचवीस पावले पुढे बघावे. वळताना जिकडे जायचे आहे तिकडे मान वळवावी.

तिसरी ब्रेकची. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील," हा वडीलधाऱ्यांचा उपदेश अर्धवट आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची अधिक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. तो हिसक्याने दाबू नये, वळणावर किंवा वाळूवर जपून वापरावा, हे खरे. सरळ चालत असताना दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढत्या जोराने दाबायचे, हा सराव मैदानावर पन्नास वेळा झाल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सी.सी.च्या वर एबीएस आणि त्याखाली दोन्ही ब्रेक जोडलेली योजना सक्तीची झाली. शिकायला मिळते ती गाडी मात्र पुष्कळदा घरातली जुनी असते, तिच्यात यातले काही नसते.

थोडे गणितही लक्षात ठेवावे. ताशी चाळीस किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. समोर कुत्रे आले हे डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एवढे अंतर नुसते निघून जाते, गाडी थांबायला सुरुवात त्यानंतर होते. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

क्रम सांगायचा तर: ज्याला सायकल येत नाही त्याने आधी सायकल शिकावी. मग शाळेच्या मोकळ्या मैदानावर गाडी हाताने ढकलणे, स्टँडवर घेणे, आडवी पडली तर उचलणे. स्कूटरचे वजन शंभर किलोच्या आसपास असते. दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत अशी उंच गाडी शिकायला घेऊ नये. त्यानंतर अगदी हळू चालवणे आणि आठचा आकडा. जोरात चालवणे सोपे, हळू चालवणे अवघड, म्हणून परीक्षेतही तेच पाहतात. आठवडा-दोन आठवड्यांनी पहाटेचा रिकामा रस्ता, मग बाजारपेठ, मग रात्र, आणि पाऊस सर्वांत शेवटी. कायद्याने दिलेले तीस दिवस वाट पाहण्यासाठी नसून यासाठी आहेत. रोज अर्धा तास पुरे. थकल्यावर केलेला सराव चुकाच पक्क्या करतो.

डोके, पदर आणि पडणे

हेल्मेटबद्दल या सदरात पूर्वी लिहिले आहे, तरी थोडक्यात. २००८ साली निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा डोक्यावर पट्टा बांधून घातलेल्या हेल्मेटचा आहे, आरशाला टांगलेल्याचा नाही. आय.एस.आय. शिक्का पाहूनच घ्यावे. १ जून २०२१ पासून बिनशिक्क्याचे हेल्मेट विकणेच बेकायदा आहे. हनुवटी झाकणारे असेल तर जबडा आणि दात वाचतात. शिकताना मैदानावरही ते घालावेच, कारण डोके आपटायला ताशी दहा किलोमीटर वेग पुरतो. मागे बसणाऱ्यालाही, चार वर्षांवरील मुलांसह, हेल्मेट सक्तीचे आहे.

पदर आणि ओढणी यांचा धोका पुरुष मंडळींच्या लक्षात येत नाही. चाकात अडकलेली ओढणी गळ्याला फास लावते आणि गाडी थांबेपर्यंत उशीर झालेला असतो. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी, मागे धरायला कडी आणि पाय ठेवायला पायदान हे नियमानेच आवश्यक आहे. 'दिसायला बरी नाही' म्हणून जाळी काढून टाकणारे तरुण मी पाहतो, आणि त्यांच्याच मागे आई साडी नेसून बसलेली असते. ओढणी मागे गाठ मारून कुर्त्यात खोचावी, पदर कमरेला.

पडलेच तर माणूस हात पुढे टेकतो, म्हणून मनगट व गळ्याजवळचे हाड मोडते. मनगट सुजले आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबून दुखत असेल तर 'मुरगळले' म्हणून मालिश करू नये, एक्स-रे काढावा. तिथले एक लहान हाड मोडलेले सहज लक्षात येत नाही आणि दुर्लक्षामुळे मनगट कायमचे आखडू शकते. डोके आपटल्यानंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बडबड किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त, यांतले काहीही दिसले तर झोपवून न ठेवता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. सायलेन्सरच्या चटक्यावर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काही लावू नये. ते खरवडून काढण्यात आमचा आणि रुग्णाचा दोघांचाही जीव जातो.

एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे की, वय अठ्ठेचाळीस, मधुमेहाच्या गोळ्या चालू, गुडघे थोडे दुखतात, तर स्कूटर शिकावी का? जरूर शिकावी. डोळे तपासून घ्यावेत, पडद्याचीही तपासणी करावी. उपाशीपोटी सराव करू नये, खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. घाम, थरथर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास गाडी बाजूला लावून आधी खावे. सर्दी-खाजेच्या अनेक गोळ्यांनी झोप येते, त्या घेतल्या असतील त्या दिवशी गाडी घरीच ठेवावी. गाडी हलकी आणि बुटकी निवडावी, आणि मधल्या स्टँडशी झटापट न करता बाजूचा स्टँड वापरावा. पाळी बंद झाल्यानंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा पहिले पंधरा दिवस मैदान गवताचे मिळाले तर उत्तम.